जहाजाचं बारसं: साताऱ्याच्या नावाची युद्धनौका का नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. दिल्ली, मुंबई, म्हैसूर, सुरत, एवढंच काय, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या इंफाळच्या नावाचीही युद्धनौका आहे. मग शाहू छत्रपतींची राजधानी असलेल्या साताऱ्यानं काय घोडं मारलंय? ‘अजिंक्यतारा’ नाव सुचवायचं तर अर्ज कुणाकडे करायचा, सह्या किती लागतील आणि खासदारांचं पत्र जोडलं तर काम होईल का?

आधी माझं सांगतो. मी नौदलात २५ वर्षं सिग्नल शाखेत, म्हणजे जहाजांचे निरोप देण्याघेण्याच्या कामात होतो. चिल्क्याला प्राथमिक प्रशिक्षण, मग कोचीला सिग्नलचं शिक्षण, मग जहाजं, आणि मध्ये तीन वर्षं दिल्लीला मुख्यालयात. मास्टर चीफ या हुद्द्यावरून बाहेर पडलो आणि आता साताऱ्यातच भरतीच्या पोरांना शिकवतो. नावं ठरवणाऱ्या समितीत मी कधी बसलेलो नाही, तिथं माझ्यासारख्याला कोण बसवतो? पण सिग्नलमनचं सगळं आयुष्य जहाजांची नावं उच्चारण्यात, लिहिण्यात आणि दिव्यावर टिचकवण्यात जातं. त्यामुळे कुठलं नाव कुठून आलं आणि ते रोजच्या वापरात कसं चालतं, यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे, तिथंच गाडी अडते. जहाज तयार झालं की मग त्याला शोभेल असं नाव शोधतात, आणि ज्या गावाची पुण्याई मोठी त्याचा नंबर लागतो, असं तुम्हाला वाटतंय. तसं होत नाही. एकट्या जहाजाला नाव क्वचितच मिळतं. नाव येतं ते घराण्याचं. एका आराखड्यावर तीन, चार, सात जहाजं बांधायची असतात. त्या सगळ्यांचा मिळून एक ‘वर्ग’ होतो, आणि नावाचा विचार त्या वर्गाचा होतो. आपल्याकडे बारशाला गुरुजी पत्रिका बघून अक्षर काढून देतात आणि मग आत्या त्या अक्षरावरून नाव शोधते, तसंच काहीसं समजा. अक्षर आणि कूळ आधी ठरतं, नाव मागून.

उदाहरणं बघा म्हणजे पटेल. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री ही तीन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका. कूळ डोंगररांगांचं, अक्षर ‘स-श’चं. तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड ही शस्त्रं, सगळी ‘त’वरून, आणि याच घराण्यात २०२४ च्या डिसेंबरात तुशिल आणि २०२५ च्या जुलैत तमाल आलं. कोलकाता, कोची, चेन्नई या विनाशिका (फ्रिगेटहून मोठ्या युद्धनौका) मोठ्या शहरांच्या. विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत याही शहरांच्याच. पाणसुरुंग काढणारी जुनी छोटी जहाजं घ्या: रत्नागिरी, कारवार, अलेप्पी, भावनगर, पोरबंदर. ही बंदरांची नावं. सिंधुघोष वर्गाच्या दहाच्या दहा पाणबुड्या ‘सिंधु’नं सुरू होतात. निलगिरी, हिमगिरी, तारागिरी, उदयगिरी, दुनागिरी, विंध्यगिरी, महेंद्रगिरी या सातांचं आडनावच ‘गिरी’.

आता हे अक्षर येतं कुठून? मला स्वतःला यातला सर्वांत गमतीचा भाग हा वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो. १९४९ मध्ये आपण इंग्रजांकडून तीन जुन्या विनाशिका घेतल्या. त्यांच्या नौदलात त्या ‘आर’ वर्गाच्या होत्या: रॉदरहॅम, रिडाउट, रेडर. आपल्याकडे आल्यावर त्या झाल्या राजपूत, रणजित आणि राणा. अक्षर तेच राहिलं, माणूस बदलला. त्या भंगारात गेल्या, आणि १९८० पासून सोव्हिएत बनावटीच्या नव्या विनाशिका येऊ लागल्या तेव्हा पुन्हा राजपूत, राणा, रणजित आणि त्यांच्या जोडीला रणवीर, रणविजय. म्हणजे साहेबाच्या गोदीत कुणी तरी ठरवलेलं ‘र’ आपल्या ताफ्यात ७० वर्षांहून जास्त टिकलं.

गोदावरीची कथा याहून रंगतदार आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी नद्यांच्या नावाच्या युद्धनौका बांधल्या होत्या, त्यात एक गोदावरी आणि एक नर्मदा होती. १९४७ ला ताफ्याची वाटणी झाली, त्यात या दोघी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या. गोदावरीचं नाव झालं सिंध, नर्मदेचं झेलम. त्याच वाटणीत ‘हिंदुस्तान’ नावाचं जहाजसुद्धा तिकडेच गेलं आणि त्याचं कारसाझ झालं. १९५३ मध्ये आपण इंग्रजांकडून तीन विनाशिका आणल्या, तेव्हा त्यातल्या एकीला गोदावरी नाव देऊन टाकलं. बाकीच्या दोन गोमती आणि गंगा. आणि १० डिसेंबर १९८३ ला मुंबईत तिसरी गोदावरी नौदलात दाखल झाली. ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली, आराखडाही आपलाच. पुन्हा तिच्या बहिणी गंगा आणि गोमतीच. मी या वर्गातल्या एका जहाजावर होतो. तिथला नाशिककडचा एक पोरगा नव्या माणसाला अभिमानानं सांगायचा, “आमची गोदावरी फाळणीत गेली होती, आम्ही परत आणली.” इतिहास म्हणून हे काटेकोर नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

आणि आता आपल्या घरचं. कृष्णामाईचं नाव युद्धनौकेवर दोनदा येऊन गेलंय, हे साताऱ्या-सांगलीत फार कमी लोकांना माहीत आहे. पहिली कृष्णा महायुद्धातली, त्या गोदावरीच्याच पंक्तीतली. साहेबाच्या स्पेलिंगमुळे तिच्या अंगावर ‘किस्तना’ असं नाव होतं, त्यामुळे आपल्या माणसाला ती आपली नदी वाटत नाही. दुसरी १९९५ मध्ये आली: इंग्रजांची अँड्रोमेडा नावाची लिअँडर वर्गाची फ्रिगेट, आपण घेतली आणि प्रशिक्षणासाठी कोचीला ठेवली. २०१२ मध्ये ती सेवेतून गेली. किती तरी तरुण अधिकारी समुद्रावरची पहिली उलटी कृष्णेवर करून आलेत. मी हे माहुलीच्या घाटावर बसून एकाला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, मग आपल्या नदीचं पाणी बाधलं म्हणा की!”

सांगायचं कारण असं की साताऱ्याला नौदलात जागा नाही, हे तितकंसं खरं नाही. सह्याद्री आहे, २०१२ पासून आहे, आणि तो आपल्या उशालाच आहे. कृष्णा होऊन गेली आणि नौदलात गेलेलं नाव मरत नाही, त्यामुळे ती पुन्हाही येऊ शकते. शिवाय ऐंशीच्या दशकात तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांचा एक वर्ग आला त्यातली पहिलीच ‘ताराबाई’. ज्यांची समाधी संगम माहुलीला आहे त्या महाराणी. तटरक्षक दल हे नौदलाहून वेगळं दल आहे, त्यांचं नावांचं वळणही वेगळं. ते राण्यांची, शूर स्त्रियांची नावं मोकळेपणानं देतात: अहल्याबाई, लक्ष्मीबाई, राणी अबक्का, राणी दुर्गावती. नौदल मात्र खऱ्या, ऐतिहासिक माणसाचं नाव लढाऊ जहाजाला सहसा देत नाही. माणसांची नावं बहुतेक किनाऱ्यावरच्या तळांना जातात. लोणावळ्याचं शिवाजी, मुंबईचं आंग्रे ही ती. दर वर्षी माझ्याकडच्या एखाद्या मुलाचे वडील विचारतात, “पोरगं आयएनएस शिवाजीवर लागलंय, ते जहाज कुठल्या समुद्रात असतं हो?” त्यांना सांगावं लागतं की ते घाटमाथ्यावर असतं आणि भुशी धरण त्याच्या शेजारी आहे. नौदलाच्या जुन्या रिवाजानुसार प्रत्येक खलाशाचं नाव कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असावं लागतं, म्हणून जमिनीवरचा तळसुद्धा कागदोपत्री जहाजच.

आता प्रत्यक्ष ठरवतं कोण, ते. नौदल मुख्यालयात नावांसाठी एक अंतर्गत समिती असते. धोरण आणि नियोजन बघणारे सहायक नौदलप्रमुख तिचे अध्यक्ष, आणि सोबत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाची वगैरे माणसं. ही समिती नावं सुचवते, ती नौदलप्रमुखांकडे जातात, आणि मोठ्या जहाजांच्या बाबतीत शेवटची संमती राष्ट्रपतींची असते. इंफाळ हे नाव एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रपतींनी मंजूर केलं; जहाज नौदलात आलं २६ डिसेंबर २०२३ ला. मधली वर्षं ते गोदीत होतं. नाव मिळेपर्यंत जहाजाला फक्त यार्ड नंबर असतो. गोदीतले वेल्डर नाव घेत नाहीत, ‘बारा हजार सातशे सहा’ म्हणतात. तो इंफाळचा नंबर. जलावतरणाच्या दिवशी पाहुण्या बाई नारळ फोडून नाव उच्चारतात तेव्हा ते पहिल्यांदा जाहीरपणे जहाजाला चिकटतं. जहाजाला पाण्यात सोडायचा मान बाईमाणसाचा, हा प्रघात आपण पाळतो. पहिली निलगिरी २३ ऑक्टोबर १९६८ ला माझगावला पाण्यात सोडली ती इंदिरा गांधींनी.

इंफाळला समुद्र नाही, तरी नाव मिळालं, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि तोच तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा आधार आहे. पण त्यामागचा विचार काय, तेही बघा. तो वर्ग देशाच्या चार दिशांच्या शहरांचा होता: पूर्व किनाऱ्याचं विशाखापट्टणम, पश्चिमेचं मोरमुगाव, ईशान्येचं इंफाळ, गुजरातचं सुरत. ईशान्य भारतातल्या शहराचं नाव युद्धनौकेला पहिल्यांदाच मिळत होतं. शिवाय १९४४ च्या इंफाळच्या लढाईचं वजन त्या नावामागं आहे. त्या जहाजाच्या क्रेस्टवर, म्हणजे मानचिन्हावर, कांगला महाल आणि कांगला-सा हे मणिपूरचं चिन्ह आहे. म्हणजे आधी ‘ईशान्येला मान द्यायचा’ हे ठरलं, मग इंफाळ आलं. उलट क्रमानं ते आलं नसतं. साताऱ्यासाठी अशी रिकामी जागा कुठल्या वर्गात निघेल, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रातून विनाशिकेला मुंबई आहेच, आणि एका राज्याची दोन शहरं लगोलग येण्याची शक्यता कमी.

गडांचं काय, असं तुम्ही म्हणाल. गडांची नावं आहेत, पण बघा कुठल्या गडांची. सत्तरच्या दशकात आलेल्या क्षेपणास्त्र कॉर्व्हेटची (फ्रिगेटहून लहान युद्धनौकांची) नावं विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, होसदुर्ग. पाणबुडी खांदेरी, म्हणजे थळसमोरचं ते बेट जिथं १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधला. आणि १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला दाखल झालेलं अर्नाळा, वसईजवळच्या जलदुर्गाचं. आपल्याकडचे गड दख्खनचे, डोंगरी. प्रतापगड, सज्जनगड, वासोटा. यांच्या पराक्रमात काही उणं नाही, पण यांच्या तटाला कधी लाट लागलेली नाही.

आता नावाच्या वापराबद्दल, कारण हा माझा प्रांत. कागदावर भारदस्त वाटणारं नाव पाण्यावर चालेलच असं नाही. रात्री दोन जहाजं शेजारून जाताना सिग्नल दिव्याचं शटर हातानं उघडझाप करून बोलतात. एका हातात शटरचा दांडा, शेजारी पोरगा पॅड घेऊन उभा, तुम्ही एकेक अक्षर मोठ्यानं बोलायचं आणि त्यानं टिपायचं, खाली जहाज असं डोलतंय की समोरचा दिवा कधी लाटेखाली जातो तर कधी आभाळात. अशा वेळी ‘बियास’ पाठवणं आणि ‘विशाखापट्टणम’ पाठवणं यात किती फरक आहे ते मनगटाला कळतं. इंग्रजीत बियासला चार अक्षरं, विशाखापट्टणमला तेरा. हल्ली दिव्यावर कोण एवढं बोलतंय म्हणा, आणि लढाईच्या कामात तर नाव घेतच नाहीत, सांकेतिक हाका असतात. त्यामुळे लांबी हा काही नियम नाही. विक्रमादित्यसुद्धा बारा अक्षरी आहे आणि ताफ्यात मजेत वावरतं. तरीही आपापसात लोक ‘विझाग’ म्हणूनच मोकळे होतात.

लांबीपेक्षा मला साधर्म्याची भीती जास्त. एका बंदरात आमच्या शेजारी आमचंच जुळं जहाज लागलेलं होतं. नावाचं पहिलं अक्षर तेच, चालही तीच. (नावं सांगत नाही, दोन्हीकडची माणसं अजून भेटतात.) सकाळी रसदीचा ट्रक आला, जेट्टीवर वारा भन्नाट. ड्रायव्हरनं ओरडून नाव विचारलं, कुणी तरी ओरडून सांगितलं, त्याला निम्मंच ऐकू गेलं. आमच्या वाट्याची अंडी आणि मटण शेजारी चढलं आणि शेजारच्यांचा दुधी भोपळा आमच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात आला. चूक कळेपर्यंत तिकडे ऑम्लेटं तळून झाली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पहिलं अक्षर खुशाल एक ठेवा, दुसरं तरी ऐकताना वेगळं वाटलं पाहिजे. सह्याद्री आणि सातपुडा यात गोंधळ होत नाही. दहा ‘सिंधु’ एका रांगेत ठेवणाऱ्यानं मात्र सिग्नलमनचा विचार केला नव्हता.

दुसरी कसोटी, नाव बुडालं तर काय? हे ऐकायला अभद्र वाटेल, पण लढाऊ जहाजाचं नाव ठरवताना हा विचार करावाच लागतो. जर्मनांकडे ‘डॉइचलँड’ नावाचं मोठं जहाज होतं, म्हणजे चक्क ‘जर्मनी’. युद्ध सुरू झाल्यावर हिटलरला धास्ती बसली की उद्या हे बुडालं तर जगभर मथळा येईल ‘जर्मनी बुडाली’. म्हणून त्याचं नाव बदलून ल्युट्झो केलं. तेव्हा ‘आयएनएस भारत’ का नाही असं कुणी विचारलं की मी ही गोष्ट सांगतो.

आणि खरोखर बुडालं तर? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीनं आपली खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत, ते जहाजाबरोबर गेले. आपल्या गावाकडच्या समजुतीनुसार असं नाव परत घरात ठेवू नये. नौदलानं उलटं केलं. १९८९ मध्ये नवी कॉर्व्हेट आली तिचं नाव खुकरी, तिच्यावरून पुढच्या सगळ्या वर्गाचं नावच खुकरी वर्ग. ती ३२ वर्षं चालली. गंमत अशी की पाकिस्ताननंही हँगोर हे नाव आता आपल्या नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला दिलंय. दोन्ही बाजूंना आपापलं नाव विसरायचं नाही. कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौकांची नावंही अशीच पुढच्या पिढीला दिली गेली.

विमानवाहू विक्रांतचंही तेच. पहिलं १९६१ ला आलं, १९९७ ला गेलं; दुसरं २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत आलं, आणि घोषवाक्यही जुनंच, ऋग्वेदातलं ‘जयेम सं युधि स्पृधः’. म्हैसूरचं बघा: इंग्रजांकडून घेतलेली आणि १९५७ ला नौदलात आलेली क्रूझर म्हैसूर, पेनंट नंबर (जहाजाच्या अंगावर रंगवलेला क्रमांक) सी ६०, पुढे आपण बांधलेली विनाशिका म्हैसूर, नंबर डी ६०. क्रेस्टवर तोच दोन तोंडांचा गंडभेरुंड. कर्नाटकात शहराचं इंग्रजी नाव २०१४ मध्ये अधिकृतरीत्या बदललं, जहाजाचं बदललं नाही. म्हणजे नव्या वर्गासाठी नावं शोधताना समितीसमोर आधीच जुन्या, मान मिळवलेल्या नावांची रांग उभी असते. नव्या नावाला त्या रांगेत घुसावं लागतं. तुमच्या अडचणीचं निम्मं उत्तर इथंच आहे.

बाहेरच्या देशांत वेगळं चालतं. अमेरिकेत नौदलमंत्री नाव ठरवतात, आणि तिथं माणसांची नावं सर्रास असतात, अगदी हयात माणसांचीसुद्धा. माजी अध्यक्ष जिमी कार्टर जिवंत असतानाच त्यांच्या नावाची पाणबुडी २००५ मध्ये दाखल झाली. त्यामुळे तिथं नावावरून राजकारणही भरपूर होतं. इंग्रजांनी महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढायला एवढी कॉर्व्हेटं बांधली की शेवटी फुलांची नावं दिली. ग्लॅडिओलस नावाच्या जहाजावरून पाणबुडी शोधत हिंडायचं, कल्पना करा. आपल्याकडचं एक कूळ, एक अक्षर हे वळण मला तरी जास्त पसंत आहे. त्यात कुणा एकाचा वशिला लावणं अवघड जातं.

आता तुमच्या अर्जाकडे येतो. छापील फॉर्म वगैरे काही नसतो. पत्र संरक्षण मंत्रालयाला किंवा नौदल मुख्यालयाला लिहिता येतं, खासदारांमार्फत गेलं तर निदान पोच मिळते. सह्या हजार घेतल्या काय आणि लाख घेतल्या काय, त्यानं वर्गाचं अक्षर बदलत नाही. उपयोग होईल तो मुद्द्याचा, आणि तुमच्या मसुद्यात मुद्दा चुकीचा निवडलाय. ‘सातारा ही वीरांची भूमी आहे’ हे खरं आहे, फौजींचं गाव अपशिंगे आहे, सैनिक स्कूल आहे. पण असं देशातला प्रत्येक जिल्हा लिहितो. साताऱ्याचा समुद्राशी संबंध काय, ते लिहा. तो आहे आणि चांगला घट्ट आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी बोलणी करून त्यांना शाहूंच्या बाजूला आणलं आणि त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, सातारच्या गादीनं मान्य केलं. ज्या आंग्र्यांच्या नावानं मुंबईत नौदलाचा तळ आहे, त्यांच्या गुराबा आणि गलबतं ज्या दरबाराच्या नावानं दर्यावर हिंडत, तो दरबार अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होता. हे एका परिच्छेदात लिहा, आणि सुरुवातीलाच लिहा.

नावाबद्दल माझं ऐकाल तर ‘अजिंक्यतारा’चा हट्ट धरू नका. तो डोंगरी गड, कुठल्याच कुळात बसत नाही. त्यातला ‘तारा’ सोडा आणि ‘अजिंक्य’ घ्या. पाणबुडीविरोधी छोट्या जहाजांमध्ये अभय, अजय, अक्षय, अग्रय अशी ‘अ’ची नावं दोन पिढ्या चालत आलीत. त्या पंगतीत ‘अजिंक्य’ न सांगता बसतं. अर्थ देशात कुठेही कळतो, दिव्यावर पाठवायला सोपं, आणि ऐकताना अजयशी थोडा गोंधळ होतो तेवढा मी माफ करीन. साताऱ्याच्या माणसाला मात्र बरोबर कळेल ते कुठून आलंय. दुसरा पर्याय ‘कृष्णा’. नाव आधीच नौदलाच्या वहीत आहे, ते पुन्हा द्या एवढंच म्हणायचं. सांगली, कराड, वाई सगळ्यांच्या सह्या त्यावर आपोआप येतील, भांडण होणार नाही. माझा स्वतःचा कौल कृष्णेला.

नाव मिळेपर्यंत काही करायचंच असेल तर नौदलात जहाजांचं शहरांशी आणि लष्कराच्या रेजिमेंटशी नातं जोडायची पद्धत आहे. आपल्या घराघरातली मराठा लाइट इन्फन्ट्री आयएनएस मुंबईशी अशी जोडलेली आहे. सह्याद्रीशी साताऱ्याचं असं काही जुळवता येईल का, हे पत्रात विचारून बघा. त्याला समितीची वाट बघावी लागत नाही.

एक बारीक दुरुस्ती. मसुद्यात तुम्ही सगळीकडे ‘आयएनएस अजिंक्यतारा’ लिहिलंय. कमिशन होईपर्यंत, म्हणजे नौदलात रीतसर दाखल होईपर्यंत, कुठल्याही जहाजाच्या नावाआधी आयएनएस लागत नाही. गोदीतून चाचण्यांना जाणाऱ्या जहाजालासुद्धा नाही. नुसतं नाव लिहा. नाहीतर पत्र उघडणारा पहिलाच बाबू, तो जर माझ्यासारखा जुना सिग्नलवाला निघाला, तर तिथंच लाल पेन काढेल.